पाचबारी

"खांद्याक घट्ट लाव, बुधाजी. सैल धरलंस तर उद्या हात वर जावचो नाय," डॉक्टर लोबो म्हणाले आणि स्वतः चार पावलं मागे सरकले. ते मागे सरकले हे मला जरा लागलंच.

सावंतवाडीतल्या त्यांच्या बंगल्याच्या परसात, चिऱ्यांच्या गडग्यावर, रॉकेलचा एक रिकामा डबा उलटा ठेवला होता. मी बंदूक खांद्याला लावली, एक डोळा मिटला, श्वास धरला आणि चाप ओढला. धाड! आणि मला काही कळायच्या आत पुन्हा एकदा धाड! डबा होता तिथेच होता. बाजूच्या झाडावरचा एक नीरफणस मात्र धपकन खाली आला, आणि डॉक्टरांची कोंबडी किंचाळत न्हाणीघरात पळाली.

"दुसरो बार मी काढूक नाय," मी म्हणालो.

"मगे कोणी काढलो? कोंबडेन?" डॉक्टर हसता हसता पायरीवर बसले. "अरे, ही तुमची ठासणीची नव्हे. हिच्यात एक बार सुटलो की दुसरा काडतूस आपसूक पुढे येता. तू दाबलंस, धक्को बसलो, तुझा बोट हलला आणि परत दाबला गेला. एकदा दाबूचा आणि बोट बाहेर काढूचा. उतावळ्या माणसाचा हिच्याशी जमणा नाय. तू उतावळो नाय मां?"

"नाय," मी म्हणालो. आमच्या घरात उतावळा कोण हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. पण डॉक्टर राहत सावंतवाडीत.

ही सन पासष्ट-सहासष्टची गोष्ट. तेव्हा शेताच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना मिळे, आणि नाचणीत नि कणग्यांच्या वेलांत धुडगूस घालणाऱ्या रानडुकराची शिकार केली तर कोणी कोणाला जाब विचारत नसे. मामलेदार कचेरीत चपला झिजवून मी परवाना काढून ठेवला होता. बंदूक तेवढी नव्हती. डॉक्टर लोबो गुरांचे डॉक्टर, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एक जुनी बेल्जियमची सेमी ऑटोमॅटिक आहे आणि ते ती विकणार आहेत, हे मला आमच्या बैलाला इंजेक्शन द्यायला आलेल्या कंपाउंडरने सांगितलं होतं.

बंदूक चांगली वापरलेली होती. नळीचा काळा रंग हात लागून लागून उडाला होता, दस्त्याला एक चीर गेली होती आणि ती पितळेची पट्टी मारून सांधली होती. मी नळी उन्हाकडे धरून आत पाहिलं. आतून ती लख्ख होती.

"एवढी चांगली बंदूक इकतास कित्याक?" मी विचारलं.

"डोळ्यांत मोतीबिंदू इलोहा. माका आता डुकर आणि रेडो सारखोच दिसता. गुरांच्या डॉक्टरान म्हशीक गोळी घातली तर लोक काय म्हणतले?" त्यांनी चष्मा पुसला. "आता तू सांग. तुमच्या घरात बंदूक नाय?"

"आसा. बापाशीची. ती भावाकडे आसा."

"मगे तुका दुसरी कित्याक होयी?"

"भाव माझ्याशी बोलणा नाय."

डॉक्टरांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. "आणि बंदूक घेतलंस म्हणजे बोलतलो?"

"बोलूचाच लागतला," मी म्हणालो.

माझा बेत तसा साधा होता. आमच्या गावात शिकार पडली की ती देवळासमोर आणतात, आणि कोणाची शिकार हे देवाला मोठ्याने सांगतात. मारणाऱ्याने स्वतःचं नाव स्वतः घ्यायचं नाही. ते त्याच्या घरातल्या थोरल्याने घ्यायचं. आमच्या घरात थोरला म्हणजे भिवादादा. मी माझ्या बंदुकीने, एकट्याने, कोणाला शंका घ्यायला जागा न ठेवता डुक्कर पाडलं, तर गावासमोर, देवासमोर त्याला माझं नाव घ्यावं लागणार होतं. चार वर्षांत त्याने ते घेतलं नव्हतं. मला त्याच्याकडून दुसरं काही नको होतं. एकदा त्याच्या तोंडून 'बुधाजी' ऐकायचं होतं, बस.

भांडण झालं तेही शिकारीवरूनच. त्या वर्षी मी शेजाऱ्याची बंदूक मागून नेली होती. एक मोठं डुक्कर दादाच्या आणि माझ्या मधून गेलं, दोघांनी एकदमच बार काढले आणि ते पडलं. मारणाऱ्याला मुंडी मिळते. मी म्हणालो, माझा बार लागला. दादा म्हणाला, त्याचा. छऱ्यांवर काही कोणाचं नाव नसतं. देवळासमोर आमची अशी काही जुंपली की, तो माझ्या जन्मावर घसरला, मी त्याच्या नेमावर घसरलो, आणि तेवढ्यात पांडू मेस्त्री ओरडला, "अरे, मुंडी खंय गेली?" मुंडी गावातल्या कुत्र्यांनी पळवली होती. सगळं गाव हसलं. आम्ही दोघे तेवढे हसलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून अबोला. घर एकच, मध्ये नुसती कुडाची भिंत, अंगण सामाईक, विहीर सामाईक. माझी बायको शेवंती आणि वैनी दिवसभर एकमेकींशी गप्पा मारत. आम्हा भावांची बोलणी मात्र कुत्र्यामार्फत चालत. दादा अंगणात उभा राहून म्हणायचा, "वाघ्या, सांग त्येका, आज पाटाच्या पाण्याची पाळी आमची." मी आतून म्हणायचो, "वाघ्या, त्येका सांग, माका म्हायती आसा." वाघ्याला दोन्ही चुलींवरची भाकरी मिळे, त्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "शहाण्या, सरळ जावन त्येच्याशी बोल मां!"

"मी आधी बोलूचंय? मी कित्याक?"

"घेवन जा बंदूक," डॉक्टर म्हणाले. "तुमका दोघांकय औषद नाय."

किंमत काय ठरली ते मी सांगत नाही. शेवंतीला खरा आकडा अजून ठाऊक नाही, आणि या वयात मला घरात वाद नको आहेत.

एसटीतून उतरलो तेव्हा बंदूक चटईत गुंडाळलेली होती. तरी मी अंगणात पोचण्याआधी बातमी पोचली होती. शेवंती कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभी होती.

"तुमी म्हस बघूक गेल्लात मां?"

"डॉक्टरांकडे म्हस नाय होती."

"आणि ही किती दूध देता?"

कुडाच्या पलीकडून वैनीचं हसू ऐकू आलं. दादा अंगणात सुंभ वळत बसला होता. त्याने मान वर केली, चटईतून बाहेर आलेल्या नळीकडे पाहिलं, पुन्हा मान खाली घातली आणि वाघ्याला म्हणाला, "वाघ्या, आता कान सांभाळ रे."

संध्याकाळी देवळात बैठक बसली. विषय माझी बंदूक. आमच्याकडे शिकारीचे वाटे पाडतात तेव्हा रान हाकणाऱ्या प्रत्येकाला एक वाटा मिळतो, कुत्र्याला एक आणि बंदुकीला एक. मालक घरी पाय पसरून झोपला आणि बंदूक दुसऱ्याने नेली, तरी बंदुकीचा वाटा मालकाच्या घरी पोचवतात. आजवर गावात होत्या त्या सगळ्या ठासणीच्या. एकदा बार काढला की पुन्हा दारू ठासा, छरे भरा, गज मारा. तेवढ्यात विडी ओढून होई. एका दमात पाच बार काढणारी बंदूक आल्यावर तिचे वाटे किती, हा प्रश्न गावापुढे पहिल्यांदाच उभा राहिला.

"पाच बार म्हणजे पाच बंदुको," पांडू मेस्त्री म्हणाला. तो सुतार, हिशेबात पक्का आणि खोड्यांत त्याहून पक्का. "ह्येका पाच वाटे दिले तर आमच्या वाट्याक शेपटी येतली."

"माका पाच नको," मी म्हणालो. "दोन दिलास तरी चलतीत."

"दोन कित्याक? तू काय दोन खांद्यांवरून मारतलंस?"

कोणी म्हणालं दीड द्या. कोणी म्हणालं जितके बार लागतील तितके वाटे. मग नुसता लागलेला बार मोजायचा की काढलेला, यावर वेगळी खडाजंगी झाली. देवळातल्या समईची वात दोनदा सारावी लागली. शेवटी आबा गावकरांनी हात वर केला. ते गावाचे मानकरी, शिकारीचे पुढारी, आणि त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे.

"बंदूक एक, वाटो एक. ती किती का भुंकाना."

सगळे उठायला लागले. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेला दादा, समोर कोणाकडेच न पाहता, मोठ्याने म्हणाला, "वाघ्या, सांग गावकरांक, वाट्याची काळजी करू नकात. पाच बारांत पाची गावांच्या डुकरांक खबर पोचतली, येतला कोण हंय?"

देऊळ हसण्याने दणाणलं. मी रागाने लालबुंद झालो. त्याच वेळी मनात एक वेडी गोष्ट आली, की चार वर्षांत हा माझ्याबद्दल इतकं लांबलचक पहिल्यांदाच बोलला.

शिकारीच्या सकाळी आबांनी देवळासमोर गाऱ्हाणं घातलं. आम्ही सगळे पागोटी काढून उभे.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां रान काढूक जातत. कोणाच्या पायाक काटो लागा देव नको, कोणाच्या अंगाक सुळो लागा देव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"भिवाजीच्या ठासणीक यश दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात माझाही आवाज होता, पण जरा हळू.

"आणि ह्या बुधाजीन नवीन अशी जुनी पाचबारी हाडलीहा. तिकाय यश दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. मी कान टवकारून दादाकडे पाहिलं. तो खोकला.

मग आबांनी नेहमीसारखे नेम सांगितले. उठून कोणी जागा सोडायची नाही. हाकाऱ्यांच्या दिशेने बंदूक धरायची नाही. एक बार ऐकू आला तर हाका चालू ठेवा. मागून थोड्या वेळाने दुसरा आला तर जनावर पडलं, हाका थांबवा. लागोपाठ तीन बार म्हणजे माणसाला लागलं. असेल तो असेल तिथून धावायचं. हा शेवटचा नेम आमच्या आज्याच्या काळातला. तेव्हा एक जण दुपारभर जखमी होऊन रानात पडला होता आणि कोणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून ठरलं, की असं काही झालं तर जवळच्या तिघांनी जमून एकापाठोपाठ एक बार काढायचे. आबा हे दर वेळी म्हणत आणि आम्ही दर वेळी माना डोलवत असू. त्या दिवशीही सगळ्यांनी डोलवल्या. मीही डोलवली.

मला बसायला मिळाली ती जागा व्हाळाच्या काठावर, एका मोठ्या धोंड्याच्या आड. समोर करवंदीची जाळी आणि पलीकडे उतार. दादाची जागा मधल्या टेकाडाच्या पल्याड, आवळीपाशी. तो तिकडे जाताना माझ्यासमोरून गेला. मी बंदूक अशी मांडीवर आडवी धरली की पितळेची पट्टी उन्हात चमकावी. त्याने बघितलं नाही. बघितलं असेल तर मला दिसू दिलं नाही.

हाका सुरू झाला. दूरवर ढोल, मग डबे, मग माणसांची आरोळी. रान हळूहळू माझ्याकडे सरकायला लागलं. आधी एक भेकर गेलं, मग दोन रानकोंबड्या. मी हललो नाही. मनातल्या मनात डॉक्टरांचं वाक्य घोकत होतो, एकदा दाबूचा आणि बोट बाहेर काढूचा. एकदा दाबूचा आणि बोट बाहेर.

करवंदीची जाळी हलली आणि डुक्कर बाहेर आलं. काळं, थोराड, मानेवरचे केस उभे, दोन्ही सुळे ओठांबाहेर. ते माझ्यापासून आमच्या अंगणाएवढ्याच अंतरावर उभं राहिलं आणि नाक वर करून वारा हुंगायला लागलं. इतकी सोपी शिकार मी जन्मात पाहिली नव्हती. मला देवळाचं पटांगण दिसलं, पडलेलं डुक्कर दिसलं, दादाचं उघडलेलं तोंड दिसलं.

मी चाप दाबला आणि बोट बाहेर काढायला विसरलो.

पहिला बार करवंदीत गेला. दुसरा पाण्यात. तिसरा सुटला तेव्हा मी धोंड्यावरून मागे कलंडत होतो, त्यामुळे तो आकाशात गेला. धूर विरला तेव्हा डुक्कर अजून तिथेच होतं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, मग तो व्हाळ आपल्या वडिलांचा असल्यासारखं सावकाश चालत पाण्यातून पलीकडे गेलं.

मी उठून बसलो. उजवा खांदा ठणकत होता. आणि मग लक्षात आलं, की रान एकदम गप्प झालंय. ढोल नाही, डबे नाहीत, आरोळी नाही. मला वाटलं, माझी फजिती बघून सगळे हसायला थांबले. पण हसणंही ऐकू येत नव्हतं.

"बुधाऽऽऽ!"

टेकाडाच्या पल्याडून हाक आली. मी तो आवाज ओळखला आणि तरी ओळखला नाही. त्या आवाजाला मी चार वर्षं फक्त 'वाघ्या' म्हणताना ऐकलं होतं.

"बुधाऽऽऽ! बाबू, खंय असंस रेऽऽऽ?"

बाबू! आई गेल्यापासून मला बाबू कोणीच म्हटलं नव्हतं. मी ओ द्यायला तोंड उघडलं, पण ओ द्यायची राहूनच गेली. मी तसाच धोंड्याला टेकून बसलो आणि रडायला लागलो. रडता रडता हसायलाही लागलो. मला इतका आनंद झाला होता, की त्या डुकराला बोलावून मिठी मारावीशी वाटत होती.

करवंदी कडाकडा मोडली आणि दादा बाहेर आला. जाळीला वळसा घालायचं त्याला सुचलंच नव्हतं. तो सरळ आतून आला होता. डोक्यावर पागोटं नाही, एका पायात वहाण नाही, दंडांवर काट्यांचे ओरखडे. आणि हातात बंदूक नाही.

"बापाशीची बंदूक खंय?" मी विचारलं. चार वर्षांनी मी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे.

"घाल ती चुलीत!" तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. ज्या बंदुकीला त्याने मला कधी बोट लावू दिलं नाही, ती तो रानात कुठेतरी फेकून आला होता. "खंय लागला तुका?"

"खांद्याक. पण दादा, माका—"

"गप! बोला नको. रगत जातला."

"अरे, रगत नाय, माका—"

"गप म्हणतंय मां!"

त्याने पाठ वळवली, माझे दोन्ही हात आपल्या गळ्यात घेतले आणि मला पाठीवर घेऊन उभा राहिला. मी तेव्हा अंगाने बऱ्यापैकी होतो. त्याचे गुडघे हल्ली दुखतात. त्याचं खापर तो अजून त्या दिवसावर फोडतो.

व्हाळ उतरला, चढ चढला, आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला तो थांबेना. मी लहानपणी विहिरीत वाकून बघायचो तिथपासून त्याने सुरुवात केली. मला अक्कल नाही. मला कधीच नव्हती. पाच बारांची बंदूक घ्यायची हौस, आणि एक बार नीट काढता येत नाही. शेवंतीने मला कसं सांभाळलं हे देवाला ठाऊक. गेल्या गणपतीत वैनीने नारळाच्या रसातले शिरवाळे केले तेव्हा त्याने माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायला सांगितले होते, ते मी खाल्ले की नाही हेसुद्धा कोणी त्याला सांगितलं नाही.

"खाल्लंय मी," मी म्हणालो. "रस जरा गोड कमी होतो."

"गप!" तो म्हणाला. दहा पावलं गेल्यावर म्हणाला, "गूळ सरलेलो."

मग पुढचा चढ तो धापा टाकत चढला. एकदम म्हणाला, "ता डुकर तुझाच होता."

"खंयचा?"

"त्या वर्साचा. तुझो बार आधी लागलो. माका दिसलेलो."

"नाय, दादा," मी म्हणालो. "तुझो लागलो. माझो वर गेल्लो."

"तुझो लागलो म्हणतंय मां मी!"

"अरे, बार काढलंय मी, माका ठाऊक आसा मां! तुझोच तो."

"थोरल्या भावाक खोटो पाडतंस?"

"तू खोटा बोलतंस तर मी काय करू?"

आणि आम्ही पुन्हा भांडायला लागलो. मुंडी माझी की त्याची, यावरच. फक्त या वेळी तो ती मला देत होता आणि मी त्याला. भांडण इतकं रंगात आलं की वाट चुकून आम्ही काजूच्या बागेत शिरलो आणि परत फिरलो. तो परत फिरला, म्हणजे. मी पाठीवरच होतो.

गाडीवाटेवर गाव भेटलं. सगळे धावत येत होते. पुढे आबा गावकर, मागे पांडू मेस्त्री, त्याच्या खांद्यावर घाईघाईत घोंगडी बांधून केलेली डोली. आबांनी तसंच धावत येऊन माझा सदरा खांद्यावरून खाली ओढला. खांदा जांभळासारखा निळा झाला होता. बाकी काही नव्हतं.

"सुळो लागलो?" आबांनी विचारलं.

"नाय. दस्तो लागलो."

"मगे ते तीन बार कोणी कोणी काढले?"

मी दादाच्या पाठीवरून आबांच्या तोंडाकडे बघितलं, पांडूच्या डोलीकडे बघितलं, धापा टाकणाऱ्या माणसांकडे बघितलं आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"तिन्ही मीच," मी म्हणालो.

मग पांडूने डोली खाली टाकली आणि तिच्यावरच बसून तो हसायला लागला. मग सगळेच. आबांनी कपाळावर हात मारून घेतला. "सगळी सांज वाट्यांवर भांडलंव, आणि ह्येचो इचार एकाच्याय टकलेत येव नये?" त्याच जागी, उभ्या उभ्या, ठराव झाला की पाचबारीत यापुढे दोनच काडतुसं भरायची. तो ठराव ती बंदूक सरकारजमा होईपर्यंत पाळला गेला.

हसणं ओसरल्यावर पांडूने डोळे पुसले. त्याची नजर माझ्या सदऱ्यावरून दादाच्या पाठीवर गेली.

"पण भिवा," तो म्हणाला, "रगताचो एक थेंब नाय खंय. वाटेत तुका कळूक नाय?"

"कळला."

"कधी?"

"व्हाळ उतरताना."

व्हाळ म्हणजे निघाल्या निघाल्या. त्यानंतर पाऊण रान, दोन चढ आणि ती काजूची बाग झाली होती.

"मगे तेव्हाच खाली ठेवूक नाय तो?"

दादाने गळ्यातले माझे हात घट्ट धरले.

"खाली ठेवलो असतो," तो म्हणाला, "तर तो त्येच्या वाटेन गेलो असतो, आणि मी माझ्या."

कोणी हसलं नाही. आबा पुढे झाले.

"बरां बरां. आता तरी उतरय त्येका. पाठ मोडली आसतली."

"ऱ्हवांदे," दादा म्हणाला. त्याने मला जरा वर सरकवून घेतलं आणि चालायला लागला. "घर हंयच तर आसा."

घर चांगलं अर्धा कोस लांब होतं. मी त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि उतरण्याचं नाव काढलं नाही.